मुमताज महल ते आमंड आय : एका वंशावळीची दोन टोके

पुण्याच्या नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस आपण ओळखतो तो १९४२ ते १९४४ या दोन वर्षांमुळे. 'छोडो भारत'च्या ठरावानंतर गांधीजींना येथे स्थानबद्ध केले गेले. १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई येथेच गेले. १० फेब्रुवारी १९४३ रोजी सुरू झालेला एकवीस दिवसांचा उपवास येथेच पार पडला. आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी येथेच देह ठेवला. आवारातील दोन समाध्यांपुढे उभे असताना वास्तूच्या मूळ मालकाची आठवण होत नाही, आणि त्यात वावगे काही नाही. तरी ज्याचे नाव या वास्तूला आजतागायत चिकटून राहिले आहे तो माणूस युरोपात कशासाठी विख्यात होता, हा प्रश्न एकदा विचारून पाहण्यासारखा आहे.

इस्माइली पंथाचे अठ्ठेचाळीसावे इमाम सर सुलतान महंमद शाह, म्हणजे आगाखान तिसरे (१८७७–१९५७), यांनी हा वाडा १८९२ मध्ये बांधवला तो दुष्काळाने गांजलेल्या आसपासच्या लोकांना काम मिळावे म्हणून, असे सांगितले जाते. पुढे मुस्लिम लीगचे पहिले अध्यक्ष, गोलमेज परिषदेतील प्रतिनिधी, राष्ट्रसंघाच्या आमसभेचे अध्यक्ष अशी पदे त्यांनी भूषविली. परंतु इंग्लंडातील सामान्य वृत्तपत्रवाचकाला ते ठाऊक होते ते घोड्यांचे मालक म्हणून. एप्समची डर्बी त्यांच्या घोड्यांनी पाच वेळा जिंकली : १९३० मध्ये ब्लेनिम, १९३५ मध्ये बहराम, १९३६ मध्ये महमूद, १९४८ मध्ये माय लव्ह आणि १९५२ मध्ये टुल्यार. या पाचांपैकी एकाही शर्यतीत जिचे नाव नाही अशी एक घोडी मात्र या साऱ्या वैभवाच्या मुळाशी होती. तिचे नाव मुमताज महल.

२९ नोव्हेंबर २०२० रोजी टोकियोच्या फुचू रेसकोर्सवर आमंड आय नावाची जपानी घोडी आपल्या आयुष्यातील शेवटची शर्यत जिंकून निवृत्त झाली. तिच्या वंशावळीत मागे मागे जाऊ लागलो, तर आठव्या पिढीत एकदा आणि नवव्या पिढीत पुन्हा मुमताज महल भेटते. पुण्यातल्या एका वाड्याचा मालक आणि टोकियोतली एक विजेती यांच्यामध्ये असा एक धागा आहे. तो खरा आहे. पण खरा असलेला प्रत्येक धागा म्हणजे इतिहास असतो काय, या प्रश्नासाठी आम्ही हा लेखनप्रपंच करीत आहोत. साहित्याच्या विद्यार्थ्याला घोड्यांशी काय कर्तव्य, असे कुणाला वाटल्यास त्याने थोडा धीर धरावा, ही विनंती.

घोड्यांच्या शर्यती हा पुण्याला परका विषय नाही. लष्कर भागातील रेसकोर्स १८३० चे. मुंबई इलाख्याचा राज्यकारभार पावसाळ्यात पुण्यास येत असे. गणेशखिंडीतील ज्या इमारतीत आज विद्यापीठ आहे ते गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान होते. सरकार आले की दरबारी आले, संस्थानिक आले, शेठसावकार आले, आणि त्यांच्यामागोमाग घोडेही आले. मुंबईचा हंगाम हिवाळ्यात आणि पुण्याचा पावसाळ्यात, ही विभागणी त्या जुन्या राजकीय वेळापत्रकातून आलेली आहे. प्रारंभी येथे धावत ते प्रामुख्याने अरबी घोडे. इराणी आखातातून सौदागर ते मुंबईच्या बाजारात आणीत. इराणातून आलेल्या आगाखान घराण्याला घोड्याची पारख वारशानेच मिळाली होती. तरुण आगाखान युरोपात गेले तेव्हा ही आवड त्यांच्याबरोबर गेली. मात्र इंग्लंडात स्वतःची पागा उभारण्यास त्यांनी १९२१ नंतरच सुरुवात केली. त्यांचे पहिले मोठे साहस म्हणजे १९२२ च्या डॉन्कास्टर लिलावात त्यांच्या वतीने जॉर्ज लॅम्बटन यांनी घेतलेले एक वर्षाचे मादी शिंगरू. किंमत पडली ९,१०० गिनी.

हे शिंगरू रंगाने राखी-पांढरे होते, जुन्या मराठीत 'सब्जा' म्हणत त्या जातीचे. बाप द टेट्रार्क, जो १९१३ मध्ये सात वेळा धावला आणि सातही वेळा जिंकला; आई लेडी जोसेफिन. आगाखानांनी नाव ठेवले मुमताज महल. १९२३ चा उन्हाळा तिचा होता. अ‍ॅस्कटवरची क्वीन मेरी शर्यत तिने घोड्याच्या दहा लांबींनी जिंकली. पाच फर्लांगांच्या शर्यतीत दहा लांबी हे अंतर काय असते, हे ज्याने रेसकोर्सच्या कठड्याला टेकून एखादी अटीतटीची शर्यत पाहिली आहे त्याला सांगावे लागणार नाही. गुडवुडची मोलकोम आणि डॉन्कास्टरची शँपेन या शर्यतीही तिच्याच. वृत्तपत्रांनी तिला 'उडती फिली' म्हटले. हंगामाच्या अखेरीस केम्प्टन पार्कवर मात्र जड झालेल्या मैदानात आर्केडने तिला हरवले.

दुसरे वर्ष, १९२४, हे कसोटीचे. तिसऱ्या वर्षात आलेल्या घोड्याला एक मैल आणि त्याहून अधिक धावावे लागते. वन थाउजंड गिनीज ही फिलींची क्लासिक शर्यत एका मैलाची; म्हणजे आठ फर्लांगांची. मुमताज महल पुढे राहिली, बराच काळ पुढे राहिली, आणि शेवटच्या टप्प्यात लॉर्ड रोझबेरींच्या प्लॅकने तिला गाठले. कॉरोनेशन स्टेक्समध्ये, जी पुन्हा मैलाचीच, तिला स्थान मिळाले नाही. मग तिला आखूड अंतराकडे परत नेण्यात आले, आणि गुडवुडची किंग जॉर्ज व यॉर्कची ननथॉर्प या दोन शर्यती जिंकून ती निवृत्त झाली. दहा शर्यती, सात विजय. तत्कालीन निवाडा स्पष्ट होता : वेग अपूर्व, दम अपुरा. एकही क्लासिक तिच्या नावावर नाही.

येथे तिची पहिली वही संपते. घोडीला दोन वह्या असतात. पहिली निकालांची, तीत तारीख, अंतर, वजन, क्रमांक आणि वेळ यांची नोंद होते, आणि ती त्याच दिवशी होते. दुसरी वही वंशाची. इंग्लंडात वेदरबी घराण्याने १७९१ पासून ती ठेवली आहे. नर घोड्यालाही या दोन वह्या असतात, परंतु त्याच्या दुसऱ्या वहीचे स्वरूप वेगळे. यशस्वी नर एका हंगामात शंभर-दीडशे घोड्यांना लागतो; त्याची गणना घाऊक होते. घोडीला अकरा महिन्यांच्या गर्भारपणानंतर एक शिंगरू, म्हणजे वर्षाकाठी फार तर एक. या जातीत कृत्रिम रेतन निषिद्ध असल्यामुळे त्याला पळवाटही नाही. साऱ्या थरोब्रेड घोड्यांचा इतिहास तीन नरांच्या नावांनी सांगण्याची प्रथा पडली (डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन, बायर्ली टर्क), त्याचे एक कारण या संख्येच्या हिशेबात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रूस लो या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने उलट दिशेने जाऊन मूळ घोड्यांऐवजी मूळ घोड्या शोधल्या आणि त्यांच्या घराण्यांना क्रमांक दिले. त्याचे काही निष्कर्ष पुढे टिकले नाहीत, पण आई मोजली पाहिजे हा त्याचा आग्रह टिकला.

मुमताज महलची दुसरी वही पहिलीहून मोठी निघाली. तिच्या दोन मुली येथे महत्त्वाच्या : मह महल आणि मुमताज बेगम. मह महल आईसारखीच सब्जा. तिचा मुलगा महमूद हाही सब्जा. १९३६ च्या एप्सम डर्बीत महमूद दीड मैल धावला २ मिनिटे ३३.८ सेकंदांत, आणि तो विक्रम १९९५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ साठ वर्षे, अबाधित राहिला. जिला एक मैल पुरा झेपत नाही असा निवाडा झाला होता तिच्या नातवाने दीड मैलाचा विक्रम करावा, हा निवाड्यांच्या इतिहासातील एक बोलका प्रसंग आहे. आगाखानांनी १९४० मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, महमूद अमेरिकेस विकला. एकेक डर्बीविजेता असा समुद्रापार जाताना पाहून इंग्रज पैदासकारांनी त्यांना पुष्कळ दूषणे दिली. महमूदची अमेरिकेतील मुलगी अलमहमूद; तिची मुलगी कॉझमा; कॉझमाचा मुलगा हेलो.

दुसरी मुलगी मुमताज बेगम. तिचा एक मुलगा नसरुल्ला, जो १९५० मध्ये अमेरिकेस गेला आणि ज्याच्या मुलाच्या, बोल्ड रूलरच्या, पोटी सेक्रेटेरिएट जन्मला. पण आमच्या वाटेवर भेटते ती नसरुल्लाची बहीण सन प्रिन्सेस. तिचा मुलगा रॉयल चार्जर, त्याचा टर्न-टू, त्याचा हेल टू रीझन, आणि त्याचा पुन्हा हेलो. अशा रीतीने मुमताज महलच्या दोन मुलींच्या वाटा १९६९ मध्ये जन्मलेल्या हेलो या एका घोड्यात येऊन मिळतात. रंगाची वाट मात्र मध्येच सुटली. सब्जा शिंगराला आईबापांपैकी निदान एक सब्जा असावा लागतो. अलमहमूद तांबूस झाली आणि त्या फांदीवरचा राखी रंग तेथेच संपला.

हेलोचा मुलगा संडे सायलेन्स. १९८९ मध्ये त्याने केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि ब्रीडर्स कप क्लासिक जिंकले. तरीही अमेरिकन पैदासकारांना त्याच्यावर पैसे लावावेसे वाटेनात. पाय वाकडे आणि आईकडचे घराणे सामान्य, ही त्यांची तक्रार. म्हणजे पहिली वही भरलेली, पण दुसरीच्या भरवशावर नकार! जपानचे झेन्या योशिदा यांनी १९९० मध्ये त्याला होक्काइदो बेटावर नेले. १९९५ पासून २००७ पर्यंत सलग तेरा वर्षे जपानमधील सर्वोच्च पितृघोडा तोच होता. जपानी शर्यतींचे सारे मानचित्र त्याने बदलून टाकले. त्याची एक मुलगी फुसाइची पँडोरा, आणि तिची मुलगी, १० मार्च २०१५ रोजी होक्काइदोतील नॉर्दर्न फार्मवर जन्मलेली, आमंड आय.

या घोडीकडे वळण्यापूर्वी जपानच्या आणखी दोन घोड्यांविषयी सांगणे अवश्य आहे, कारण आमंड आय ज्या परंपरेत उभी राहिली ती केवळ रक्ताची नव्हती.

१९४३ मध्ये, म्हणजे पुण्यातला तो उपवास संपून काही महिने लोटले असताना, टोकियोत कुरिफुजी नावाच्या फिलीने जपानी डर्बी जिंकली. त्याच वर्षी तिने ओक्स आणि सेंट लेजरच्या धर्तीवरील किक्का शो याही जिंकल्या. एकूण अकरा शर्यती, अकरा विजय. योगायोग असा, की मुंबईत महालक्ष्मीवर पहिली इंडियन डर्बी झाली तीही १९४३ मध्ये, आणि ती जिंकणारी बडोद्याच्या गायकवाड महाराजांची प्रिन्सेस ब्युटिफुल हीदेखील फिलीच होती. महायुद्धात एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या दोन बाजूंना, एप्समच्या एकाच नमुन्यावर बेतलेल्या दोन शर्यतींत, एकाच साली नरांना मागे टाकून दोन फिली जिंकल्या. या योगायोगातून काही सिद्ध होत नाही. तरी तो नोंदविल्यावाचून राहवत नाही.

डर्बीत कुरिफुजीवर बसलेला जॉकी माएदा चोकिची वीस वर्षांचा होता. जपानी डर्बी जिंकणारा सर्वांत तरुण जॉकी म्हणून त्याचे नाव आजही घेतले जाते. १९४४ मध्ये त्याला सैन्यात भरती करून मांचुरियात पाठविण्यात आले. युद्ध संपल्यावर तो सोव्हिएत कैदेत सापडला आणि २८ फेब्रुवारी १९४६ रोजी सायबेरियात मरण पावला, वय तेवीस. त्याच्या अस्थी डीएनए चाचणीने ओळखल्या जाऊन आओमोरी प्रांतातील त्याच्या गावी परत आल्या त्या २००६ मध्ये, साठ वर्षांनी. आणि कुरिफुजी? पैदाशीसाठी गेल्यावर तिचे नावच बदलले; 'तोशिफुजी' या नावाने ती आई झाली. तिची मुलगी यामाइची १९५४ मध्ये ओक्स जिंकली. पहिल्या वहीतील घोडी आणि दुसऱ्या वहीतील घोडी एकच असल्याचे कळण्यासाठीही माहिती असावी लागते. जॉकीला तर दुसरी वही नसतेच. त्याचे जे काही आहे ते निकालांच्या वहीत आहे, आणि तेथे तो एका ओळीपुरता आहे.

कुरिफुजीनंतर जपानी डर्बी जिंकणारी फिली यायला चौसष्ट वर्षे लागली. २७ मे २००७ रोजी व्होडका नावाच्या फिलीने ती तीन लांबींनी जिंकली. तिच्या मालकाने व प्रशिक्षकाने ओक्सची सोपी वाट सोडून तिला नरांविरुद्ध उभे केले, हा निर्णयच त्या विजयाइतका मोठा होता. पुढच्या दहा-बारा वर्षांत जपानी घोड्या नरांना हरवतात ही गोष्ट अपवादाची न राहता सवयीची झाली. डाइवा स्कार्लेट, ब्युएना व्हिस्टा, जेंटिलडोना ही नावे त्या काळातील.

आमंड आयची पहिली शर्यत ऑगस्ट २०१७ मधली, निगातावर. ती दुसरी आली. त्यानंतर ती सलग सात जिंकली. ८ जानेवारी २०१८ च्या शिन्झान किनेनमध्ये तिने नरांना हरविले. मग एप्रिलमध्ये ओका शो, मेमध्ये ओक्स आणि ऑक्टोबरमध्ये शुका शो अशी फिलींची तिहेरी माळ पुरी केली. प्रशिक्षक साकाए कुनिएदा, जॉकी बहुतेक वेळा क्रिस्तोफ लमेर. मालकी एका क्लबाची होती. त्यात अनेक सभासदांचे लहान लहान वाटे. संस्थानिक आणि इमाम यांच्या पागांपासून हा काळ केवढा दूर आला होता!

२५ नोव्हेंबर २०१८ रोजी ती जपान कपमध्ये उतरली. अंतर २,४०० मीटर, म्हणजे जवळजवळ एप्समचेच दीड मैल. तीन वर्षांची फिली म्हणून तिच्या पाठीवर ५३ किलो, तर प्रौढ नरांच्या पाठीवर ५७. किसेकी या घोड्याने पुढे राहून वेग चढा ठेवला होता. शेवटच्या सरळ टप्प्यात आमंड आयने त्याला गाठले व ओलांडले. घड्याळ थांबले २ मिनिटे २०.६ सेकंदांवर. त्या कोर्सवरचा जुना विक्रम दीड सेकंदाने मागे पडला. त्या अंतरासाठी हा जागतिक विक्रम मानला गेला.

यानंतरची दोन वर्षे आम्हाला अधिक महत्त्वाची वाटतात, कारण त्यांत पराभव आहेत. मार्च २०१९ मध्ये दुबई टर्फ जिंकून ती परतली आणि जूनमध्ये यासुदा किनेनमध्ये सुरुवातीलाच धक्का लागून तिसरी आली. ऑक्टोबरमध्ये शरदातील तेन्नो शो तीन लांबींनी जिंकली. डिसेंबरात हाँगकाँगला जायचे होते. ताप आला, बेत रद्द झाला, त्याऐवजी तिला अरिमा किनेनमध्ये उतरविले आणि ती चक्क नववी आली. मार्च २०२० मध्ये ती पुन्हा दुबईत पोहोचली, तर करोनाच्या साथीमुळे शर्यतीच रद्द झाल्या. न धावता परत यावे लागले. मेमध्ये व्हिक्टोरिया माइल सहज जिंकली, जूनमध्ये यासुदा किनेनमध्ये ग्रान अलेग्रिया या घोडीने तिला हरविले. १ नोव्हेंबरला तिने तेन्नो शो दुसऱ्यांदा जिंकली, आणि गवती मैदानावरील सर्वोच्च श्रेणीच्या आठ शर्यती जिंकणारी ती पहिली जपानी घोडी ठरली. तोवर सातावर पुष्कळजण अडले होते.

चार आठवड्यांनी जपान कप. त्या वर्षी दोन अपराजित घोडे उदयास आले होते : नरांची तिहेरी माळ जिंकलेला कॉन्ट्रेल आणि फिलींची जिंकलेली डेअरिंग टॅक्ट. ज्येष्ठ विजेती आणि दोन तरुण अपराजित एकाच शर्यतीत यावेत असे सहसा घडत नाही. घडूही देत नाहीत, कारण प्रत्येकाला आपापली किंमत सांभाळायची असते. मोजक्या प्रेक्षकांसमोर ही शर्यत झाली. आमंड आय पहिली, कॉन्ट्रेल दुसरा, डेअरिंग टॅक्ट तिसरी. आमंड आयच्या पाठीवर ५५ किलो, कॉन्ट्रेलच्याही ५५. एकूण पंधरा शर्यती, अकरा विजय. त्यांपैकी नऊ सर्वोच्च श्रेणीचे. त्यानंतर ती आई होण्यासाठी होक्काइदोस परतली, आणि तिची दुसरी वही उघडली गेली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मुमताज महलपासून आमंड आयपर्यंतची वाट आम्ही दाखविली, आणि वाचकाला ती कदाचित सुंदर वाटली असेल. पण ती आम्ही कशी काढली? शेवटून सुरुवातीकडे. आठव्या पिढीत पूर्वजांच्या २५६ जागा असतात, नवव्या पिढीत ५१२. त्यांतील एका नावावर आम्ही बोट ठेवले, आणि ठेवले ते आम्ही पुण्याच्या बाजूने पाहत होतो म्हणून. थेट आईच्या आईकडून मागे गेलो तर मुमताज महल भेटतच नाही. फुसाइची पँडोराची आई लोटा लेस वेगळ्या घराण्यातली. वडिलांच्या बाजूने, लॉर्ड कॅनालोआकडून, गेलो तर मात्र नसरुल्लामार्फत ती आणखी काही ठिकाणी सापडते. पण त्याचे तरी आश्चर्य कसले? आजच्या थरोब्रेडांपैकी बहुतेकांच्या वंशावळीत ती कुठे ना कुठे असतेच. ज्या घोड्यांना एकही शर्यत जिंकता आली नाही, त्यांच्याही वंशावळीत आहे. कारण म्हणून जे सर्वांना लागू पडते, ते कुणा एकाच्या यशाचे कारण होऊ शकत नाही.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करताना जो भेद ठासून मांडला, तो येथे उपयोगी पडतो. बखर मागाहून लिहिली जाते. तिला शेवट ठाऊक असतो, आणि म्हणून तिच्यातील प्रत्येक गोष्ट त्या शेवटाकडे चालत जाते. अस्सल कागद त्या त्या दिवशीचा असतो. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक नसते. निकालांची वही हा अस्सल कागद आहे. वंशावळीतल्या नोंदीही एकेक करून पाहिल्या तर अस्सलच; पण त्यांतून एक रेघ निवडून जी कथा आपण सांगतो, ती बखर. आम्ही वर सांगितली तीही बखरच. बखर टाकाऊ नसते. तिच्यामुळेच पुष्कळांना कागदाची गोडी लागते. मात्र ती बखर आहे हे सांगणाऱ्याने विसरू नये.

साहित्याच्या अध्यापनात हा विसर आपल्याला पदोपदी पडतो. केशवसुतांना आपण 'आधुनिक मराठी कवितेचे जनक' म्हणतो. 'जनक' हा शब्द दुसऱ्या वहीतला आहे. तो उच्चारला की केशवसुतांची कविता तिच्या पुढच्या कवितेसाठी वाचली जाऊ लागते. तिच्यात काय आहे यापेक्षा तिच्यातून काय निघाले हे उत्तरपत्रिकेत लिहिले जाते. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) 'पहिली कादंबरी' म्हणून अभ्यासक्रमात येते. पहिली म्हटल्यावर पुढच्यांची आई होण्यापलीकडे तिला काम उरत नाही. विधवांच्या दुःखाविषयी त्या पुस्तकाला त्या दिवशी जे म्हणायचे होते, ते वाचायला विद्यार्थी क्वचितच पोहोचतो. उलट बाजूची चूकही होते. एखाद्या लेखकाची सर्व शक्ती परंपरेच्या खात्यावर जमा केली, की त्याने स्वतः काय केले ते पाहावे लागत नाही.

परंपरा नसते असे आमचे म्हणणे नाही. महमूदचा राखी रंग आजीकडूनच आला होता आणि त्याला दुसरे स्पष्टीकरण नाही. परंपरेने काय दिले हे जेथे असे दाखविता येते, तेथे ते दाखवावेच. पण २०१८ च्या जपान कपमधील ती २ मिनिटे २०.६ सेकंद कुणी दिली नव्हती. ती एका घोडीने, एका दुपारी, स्वतःच्या फुप्फुसांतून काढली. तसेच १९२४ मध्ये प्लॅक मागून येऊन बरोबरीला पोहोचली तेव्हा मुमताज महलला आपला नातू डर्बी जिंकणार असल्याचा काही उपयोग नव्हता. ती त्या मैलात हरली, आणि ते हरणे तिचे होते. पुढच्या वैभवाने ते पुसून टाकणे हाही तिच्यावर अन्यायच.

१९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी पुण्याचा वाडा गांधीजींच्या स्मृत्यर्थ भारतीय जनतेला अर्पण केला. आज तेथे घोड्यांची काही खूण नाही. असण्याचे कारणही नाही. तेथून काही मैलांवर, लष्करातल्या रेसकोर्सवर, पावसाळ्यात अजूनही घोडे धावतात आणि निकालांची वही दर शर्यतीमागे एका ओळीने वाढते. ती ओळ लिहिणाऱ्याला पुढच्या नऊ पिढ्या ठाऊक नसतात. निदान वाचनाच्या पहिल्या फेरीत आपणही त्या ठाऊक नसल्यासारखे वाचावे, एवढेच आम्हाला सुचवायचे आहे.